न घेतलेल्या निर्णयाची भाषा

मार्च १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, वॉशिंग्टनमधील एका सरकारी कार्यालयात अध्यक्षांच्या सहीचे एक परिपत्रक फिरले. ते कार्यालय होते स्मॉलर वॉर प्लांट्स कॉर्पोरेशन. युद्धसामग्रीची सगळी कंत्राटे मोठ्या कंपन्यांच्या घशात जाऊ नयेत, लहान कारखान्यांनाही काम मिळावे, हे पाहण्यासाठी ते स्थापन झाले होते. अध्यक्ष मॉरी मॅव्हरिक हे टेक्सासचे; पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, दोन वेळा अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेलेले आणि पुढे सॅन अँटोनिओचे महापौर झालेले फटकळ गृहस्थ. परिपत्रकात त्यांनी लिहिले की टिपणे अर्थ कळेल इतपत पण आखूड असावीत, देवाची शपथ घालतो, आपण कशाबद्दल बोलत आहोत ते सांगा, आणि ‘गॉबल्डीगूक’ भाषेपासून, म्हणजे फुगवलेल्या, पोकळ सरकारी भाषेपासून, चार हात दूर राहा. वर अशी धमकीही होती की ‘ॲक्टिव्हेशन’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन’ हे शब्द जो कोणी वापरील त्याला गोळी घालण्यात येईल. गोळी अर्थातच कोणाला घातली गेली नाही आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ हा शब्द आज जगभरच्या कचेऱ्यांत सुखाने नांदतो आहे. पण ‘गॉबल्डीगूक’ हा शब्द त्या परिपत्रकातून निघाला तो थेट इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसला.

हा शब्द कुठून आणला, असे लोक विचारू लागले तेव्हा मॅव्हरिक यांनी मे १९४४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहून खुलासा केला. टेक्सासमध्ये पाहिलेला टर्की पक्षी आपल्या डोळ्यांसमोर आला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. टर्कीचा नर छाती फुगवून, पिसारा ताणून, हास्यास्पद रुबाबात चालतो आणि अखंड ‘गॉबल गॉबल’ करत राहतो. त्या आवाजाच्या शेवटी घशातून एक ‘गूक’ निघतो. (या पक्ष्याचे नाव हाच मुळात एक घोटाळा आहे. तो अमेरिकेचा; इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले आणि तुर्कस्तानात त्याला ‘हिंदी’ म्हणतात.) शब्द देण्याची रीत मॅव्हरिक घराण्यात जुनीच होती. मॉरी यांचे आजोबा सॅम्युएल मॅव्हरिक हे टेक्सासच्या १८३६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. आपल्या गुरांवर डाग देण्याची तसदी ते घेत नसत, म्हणून बिनडागाच्या मोकाट वासराला ‘मॅव्हरिक’ म्हणू लागले आणि तोच शब्द पुढे कोणाच्याही कळपात न बसणाऱ्या माणसाला लागला.

इंग्रजीत गोंधळाच्या बोलण्यासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘जिबरिश’ हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे, पण तो कानाला निरर्थक वाटणाऱ्या आवाजांबद्दल आहे. ज्याला बोलणे म्हणावे की नाही अशी शंका यावी, ते जिबरिश. ‘बंकम’ हा अमेरिकी शब्द १८२० मधल्या एका भाषणातून आला. मिसुरीला राज्य म्हणून सामील करून घेण्याचा आणि त्यात गुंतलेल्या गुलामगिरीचा प्रश्न काँग्रेसपुढे होता, सभासद मतदानासाठी खोळंबले होते, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बंकम काउंटीचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर बोलायचे थांबेनात. मी तुमच्यासाठी बोलत नाही, माझ्या बंकमसाठी बोलतो आहे, असे त्यांनी सांगून टाकले. बंकमला निदान श्रोता असतो. गावाकडच्या मतदाराला खूश करणे हा त्यात एक उघड हेतू असतो. गॉबल्डीगूकला श्रोता नसतो, त्याला फाइल असते. आपल्याकडेही पाल्हाळ, चऱ्हाट आणि गुऱ्हाळ हे लांबणीला नाव ठेवणारे शब्द आहेत, वायफळ आणि बाष्कळ हे पोकळपणाला, आणि मोघम, गुळमुळीत हे टाळाटाळीला. मॅव्हरिक यांच्या शब्दात लांबण आहे, पोकळपणा आहे आणि टाळाटाळही आहे. शिवाय टर्कीचा रुबाब आहे, जो आपल्या यांपैकी कुठल्याही शब्दात नाही. तरीही एकच मराठी शब्द निवडायचा झाला तर मी ‘मोघम’ निवडेन, कारण बाकी सगळे सोसता येते, मोघमपणा सोसता येत नाही.

हा निवाडा मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण या शब्दाचा आज जो अर्थ सर्वत्र धरला जातो तो मला चुकीचा वाटतो. गॉबल्डीगूक म्हणजे अवघड भाषा, असे समजले जाते. मग त्यावरचा इलाजही ठरून जातो. अवघड शब्द काढा, सोपे घाला, वाक्ये लहान करा, कर्मचाऱ्यांसाठी सोप्या भाषेच्या कार्यशाळा भरवा. माझे म्हणणे असे आहे की गॉबल्डीगूक ही अवघड भाषा नसून न घेतलेल्या निर्णयाची भाषा आहे, आणि म्हणून शब्दकोशाने ती बरी होत नाही.

याचा एक दाखला मॅव्हरिक यांच्या परिपत्रकाच्या दोन वर्षे आधीचा आहे. १९४२ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर, हवाई हल्ल्याच्या वेळी सरकारी इमारतींत अंधार कसा राखावा याबद्दल एक आदेश तयार झाला. त्याचा मराठी तर्जुमा साधारण असा होईल: हवाई हल्ल्याच्या प्रसंगी सर्व संघराज्यीय इमारती, तसेच संघराज्यीय शासनाच्या वापरात असलेल्या संघराज्येतर इमारती, अंतर्गत अथवा बाह्य प्रकाशयोजनेच्या कारणे कोणत्याही कालावधीकरिता दृश्यमान राहणार नाहीत अशी पूर्वतयारी करण्यात यावी, असे आच्छादन एकतर काळोखी बांधकामाद्वारे किंवा प्रकाशयोजना समाप्त करून साध्य करता येईल. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पत्रकारांसमोर हेच सरळ शब्दांत मांडले. ज्या इमारतींत काम चालू ठेवावेच लागेल तिथे खिडक्यांवर काहीतरी टाका म्हणावे, आणि जिथे काम थोडा वेळ थांबले तरी चालेल तिथे दिवे घालवा, असे त्यांचे रूप होते.

सोप्या भाषेचे पुरस्कर्ते हा किस्सा नेहमी सांगतात आणि ‘प्रकाशयोजना समाप्त’ व ‘दिवे घालवा’ यांच्यातल्या फरकावर लोकांना हसवतात. मूळ आदेश दुसऱ्यांदा वाचला तर वेगळेच काही दिसते. त्यात दोन उपाय दिले आहेत आणि त्यांच्यामध्ये एक ‘किंवा’ ठेवून दिला आहे. कोणता उपाय कुठे करायचा, हे त्यापुढच्या वाक्यांत येते खरे, पण तेही तितक्याच गुरफटलेल्या भाषेत. रूझवेल्टांनी शब्द बदलले, हे खरे. पण त्याआधी त्यांनी निर्णय पुढे आणला. काम चालू राहणारी इमारत आणि काम थांबवता येणारी इमारत, ही विभागणी मूळ मसुद्यात तळाशी दबलेली होती, ती त्यांनी सुरुवातीलाच आणली, आणि ती आणल्याबरोबर भाषा आपोआप सरळ झाली. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ‘दिवे घालवा’ हे इंग्रजी येत नव्हते असे थोडेच आहे? घरी जाऊन तो हेच बोलत असणार. कोणत्या कचेरीचे काम थांबवण्यासारखे आहे, हे आधी आणि सरळ सांगण्याचा धीर बहुधा त्याच्याकडे नव्हता.

मॅव्हरिक यांनी आपल्या परिपत्रकात चांगल्या लिखाणाचा नमुना म्हणून एक तार दिली होती. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाचे वैमानिक डोनाल्ड मेसन यांनी अटलांटिकवर गस्त घालताना एका जर्मन पाणबुडीवर हल्ला केला आणि तळाला चार शब्दांचा संदेश पाठवला: ‘साइटेड सब, सँक सेम’, पाणबुडी दिसली, बुडवली. पर्ल हार्बरच्या धक्क्यातून न सावरलेल्या देशात या चार शब्दांना अफाट प्रसिद्धी मिळाली. यात सगळी गोष्ट आली, असे मॅव्हरिक यांनी लिहिले.

घोटाळा एवढाच होता की पाणबुडी बुडाली नव्हती. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा त्या दिवशी त्या ठिकाणी एकही पाणबुडी बुडाली नसल्याचे दिसून आले. मेसन यांनी मार्चमध्ये न्यूफाउंडलंडजवळ खरोखरच यू-५०३ बुडवली, पण ती तारेनंतरची गोष्ट. म्हणजे सरळ भाषेच्या चळवळीचा आद्य नमुना हे एक खोटे, निदान चुकीचे, विधान आहे. सरळ भाषा म्हणजे खरी भाषा, असे मानणाऱ्यांची यात पंचाईत होते. माझ्या म्हणण्याला मात्र याने बळच मिळते. मेसन यांचे वाक्य चुकीचे ठरवता आले, आणि हाच त्या वाक्याचा गुण आहे. त्यांनी जर असे लिहिले असते की शत्रूच्या संभाव्य जलांतर्गत हालचालींच्या अनुषंगाने आवश्यक ती प्रतिबंधात्मक कार्यवाही करण्यात आली असून परिणाम समाधानकारक असल्याचे दिसून येते, तर हे वाक्य आजही तितकेच खरे किंवा तितकेच खोटे राहिले असते आणि कोणत्याही देशाचे कोणतेही दप्तर त्याला हात लावू शकले नसते. गॉबल्डीगूक ओळखायची असेल तर वाक्य कळते का, एवढेच विचारून भागत नाही. हे वाक्य खोटे ठरण्याची काही सोय आहे का, हे विचारावे लागते.

कळण्याची कसोटी एकटी वापरली की काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये २००३ साली घडले. क्रिसी मेहर या लिव्हरपूलच्या बाईंनी १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी फॉर्मांचे तुकडे करून ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू केली. गरिबांना हक्काचे साहाय्य केवळ फॉर्म न कळल्यामुळे मिळत नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती आणि या चळवळीने मोठे काम केले. पण २००३ मध्ये या संस्थेने वर्षातल्या सर्वांत गोंधळलेल्या वक्तव्याचा पुरस्कार अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना दिला. काही गोष्टी आपल्याला माहीत आहेत हे आपल्याला माहीत असते, काही माहीत नाहीत हे माहीत असते, आणि काही माहीत नाहीत हेही माहीत नसते, हे ते प्रसिद्ध वक्तव्य. उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ चोख आहे, आणि कोणत्याही मराठी माणसाला एकदा सावकाश सांगितला तर तो पटेलही. रम्सफेल्ड यांच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. ते वाक्य त्यात बसत नाही. याउलट १९७४ मध्ये अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने दुटप्पी भाषेसाठीचा आपला पहिला पुरस्कार हवाई दलाच्या ज्या अधिकाऱ्याला दिला, त्याचे वाक्य अगदी सोपे होते. कंबोडियातील हल्ल्यांबद्दल तो वार्ताहरांवर चिडून म्हणाला होता, तुम्ही सारखे बॉम्बफेक, बॉम्बफेक लिहिता; ती बॉम्बफेक नाही, ते हवाई साहाय्य आहे. यात कळण्यासारखे अवघड काय होते?

आता हा प्रश्न आपल्या दारात आणतो, कारण मराठीत शासनाच्या भाषेबद्दलचा वाद साठ वर्षे चुकीच्या जागी लढला गेला असे मला वाटते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून भरपूर थट्टा झाली. संस्कृतप्रचुर शब्द नकोत, रुळलेले इंग्रजी आणि फारसी शब्द ठेवा, असा एक पक्ष. शब्द वापरल्याशिवाय रुळतात कसे, असा दुसरा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा दाखला दोन्हीकडून दिला जातो. वाद महत्त्वाचा आहे, पण तो शब्दांचा वाद आहे. त्यात कोणीही जिंकले तरी पुढच्या वाक्याला धक्का लागत नाही: ‘सदर अर्ज यासोबत पाठविण्यात येत असून, आपल्या स्तरावरून नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात यावी व केलेल्या कार्यवाहीबाबत अर्जदारास परस्पर कळविण्यात यावे.’

या वाक्यात अवघड शब्द दाखवा. एकही सापडणार नाही. ज्याने कधी तहसील कचेरीत किंवा महापालिकेत अर्ज दिला आहे अशा प्रत्येकाला यातला शब्द न् शब्द ओळखीचा आहे. तरीही हे अस्सल गॉबल्डीगूक आहे. उचित म्हणजे काय, ते पाठवणाऱ्याने ठरवलेले नाही. नियम कोणता, ते लिहिलेले नाही. कार्यवाही ‘करण्यात यावी’, म्हणजे ती कोणीतरी करावी. कधीपर्यंत, त्याचा उल्लेख नाही. ‘परस्पर’ हा शब्द तर या वाक्याचा खरा आत्मा आहे, कारण त्याचा अर्थ इतकाच की यापुढे मला विचारू नका. यातले ‘कार्यवाही’ काढून ‘ॲक्शन’ घाला, किंवा अख्खे वाक्य ज्ञानेश्वरांच्या ओवीत बसवा. अर्जदाराच्या हाती पडायचे तेच पडेल. आणि वर सांगितलेली कसोटी लावली तर हे वाक्य कधीच खोटे ठरू शकत नाही. काहीही केले नाही तरी, काही न करणेच उचित होते, असे म्हणता येते.

यावर कचेरीतल्या माणसाची एक बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. कारकून मोघम लिहितो कारण स्पष्ट लिहिण्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. त्याने ‘अमुक अधिकाऱ्याने पंधरा तारखेपर्यंत मोजणी करावी’ असे लिहिले आणि मोजणी झाली नाही, तर त्याच्या वाक्याकडे बोट दाखवता येते. ‘उचित कार्यवाही’कडे दाखवता येत नाही. मोघमपणा हा त्याचा आळस किंवा अडाणीपणा नाही, ते त्याचे चिलखत आहे. म्हणूनच मॅव्हरिक यांची गोळीची धमकी आणि नंतरच्या काळातील कार्यशाळा एकाच कारणाने वाया गेल्या: चिलखत घातल्याशिवाय जिथे निभाव लागत नाही तिथे ते जड आहे हे सांगून कोणी उतरवत नाही. कायद्याच्या भाषेला काटेकोर राहण्यासाठी काही किचकटपणा परवडतो, हेही मी मानतो. पण काटेकोर आणि मोघम यांची गल्लत होता कामा नये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे घरमालक आणि भाडेकरू यांच्या वादातला हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. तो समजतच नाही, म्हणून न्यायमूर्तींना तो रद्द करून प्रकरण पुन्हा त्याच उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागले. त्या निकालात कायद्याचे शब्द कमी नव्हते. कोण जिंकले आणि का, एवढेच त्यातून निघत नव्हते.

अमेरिकेने हा प्रश्न कायद्याने सोडवून पाहिला. कार्टर यांनी १९७८ मध्ये नियम सोपे लिहिण्याचा आदेश काढला, रेगन यांनी तो १९८१ मध्ये मागे घेतला, क्लिंटन यांनी १९९८ मध्ये पुन्हा सूचना दिल्या आणि अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये ओबामा यांच्या सहीने ‘प्लेन रायटिंग ॲक्ट’ झाला. सरकारी खात्यांनी जनतेसाठीचे दस्तऐवज स्पष्ट, आटोपशीर आणि सुसंगत लिहावेत, असे तो सांगतो. त्यात दोन गोष्टी मात्र आवर्जून लिहिलेल्या आहेत. प्रत्यक्ष नियमांना तो लागू नाही, आणि त्याचे पालन झाले नाही म्हणून कोणालाही न्यायालयात जाता येणार नाही. ‘स्पष्ट लिहावे’ हा त्यातला आदेश म्हणजे आपल्याकडच्या ‘उचित कार्यवाही’चाच इंग्रजी भाऊ झाला.

त्या मानाने आपल्याकडच्या दोन कायद्यांनी सोपे लिहा असे न सांगताही भाषेसाठी अधिक केले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तीस दिवसांची मुदत घातली, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणे देणे बंधनकारक केले आणि विलंबासाठी माहिती अधिकाऱ्याला स्वतःला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक सेवेपुढे पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपिलीय अधिकारी यांची नोंद जाहीर करायला लावली. कचेऱ्यांच्या भिंतींवर लागलेले ते तक्ते कोणी साहित्य म्हणून वाचणार नाही आणि अंमलबजावणीतल्या पळवाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या तक्त्यांत ‘उचित’ हा शब्द बसवायला जागाच नसते, कारण रकाना पदनामाचा आणि दिवसांचा असतो.

माहितीच्या अधिकारात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे भाषेच्या अंगाने कोणी पाहत नाही. मुदतीत निर्णय दिला नाही तर अर्ज नाकारला असे मानले जाते, आणि अपिलाचा दरवाजा उघडतो. गप्प बसणे म्हणजे नकार, असे कायद्याने ठरवून टाकले आहे. माझी सूचना अशी की हेच तत्त्व मोघम उत्तराला लावावे. नागरिकाच्या अर्जावरील कोणत्याही सरकारी उत्तरात काय होणार, ते कोणत्या पदावरील व्यक्ती करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे नसेल तर ते उत्तर कायद्याच्या दृष्टीने नकार समजले जावे. असे केल्यास अधिकारी सरसकट ‘नाही’ म्हणू लागतील, अशी भीती दाखवली जाईल. म्हणोत. ‘नाही’ला कारण विचारता येते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते, ‘बाब विचाराधीन आहे’विरुद्ध आजवर कोणी अपील केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मोघम कशाला म्हणायचे यावरच वाद होतील, हा दुसरा आक्षेप. पण त्यासाठी भाषातज्ज्ञांची समिती लागत नाही. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने पत्र हातात घ्यावे आणि त्यात पदनाम व तारीख शोधावी. यांतले एक जरी सापडले नाही, तर अपील दाखल.